अमरावती रोडचं रसायन

नागपुरात पत्ता चौकांवरून सांगतात. लॉ कॉलेज चौक, रविनगर चौक, मग एलआयटी. 'एलआयटीच्या गेटवर उतर' म्हटलं की ऑटोवाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही, मग त्या तीन अक्षरांचा अर्थ त्याला माहीत असो नसो. तोच अमरावती रोड धरून नाकासमोर निघालं की वाडी लागते. ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, ट्रकांच्या रांगा, आणि त्याच वाडीत ॲल्युमिनियमवर संशोधन करणारं केंद्र सरकारचं जवाहरलाल नेहरू केंद्र. पुढे गोंडखैरी, तिथे स्फोटकांच्या चाचण्या घेणारं सरकारी ठाणं. मग धामणा. मग तीस-पस्तीस किलोमीटरवर बाजारगाव, जिथल्या माळावर देशातल्या बड्या स्फोटक कारखान्यांपैकी एक उभा आहे.

म्हणजे एका रस्त्यावर रसायनशास्त्र शिकवणारे, त्यावर संशोधन करणारे, मालाची परीक्षा घेणारे आणि माल बनवणारे असे चौघेही राहतात. देशात अशी आळी दुसरीकडे सहज सापडणार नाही. पण या आळीतल्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं फार नाही. विदर्भात रिफायनरी आणा, पेट्रोकेमिकल संकुल आणा, अशी जी मागणी गेली काही वर्षं चालू आहे, तिच्यामागे मला हेच कारण दिसतं. आपल्या घरात काय आहे हे न पाहता आपण शेजाऱ्याच्या ताटाकडे बघत बसलो आहोत.

सुरुवात एका मृत्युपत्रापासून करायला हवी. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. 1930 साली ते गेले आणि जाताना नागपूर विद्यापीठाला सुमारे 35 लाख रुपये देऊन गेले. त्या वेळी विद्यापीठाचं वय सात वर्षं. पैसे कशासाठी, तर उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. मंदिर बांधा, धर्मशाळा बांधा असं म्हणणाऱ्या धनिकांची आपल्याकडे वाण नव्हती; खाणीतून दगड काढून श्रीमंत झालेला माणूस रसायनासाठी पैसे ठेवतो, हे वेगळं होतं. त्या माणसाला काहीतरी कळलं होतं, असं मला नेहमी वाटतं. मँगनीजचा दगड टनावारी विकताना आपण नेमकं काय विकतोय आणि त्याचं पुढे विलायतेत काय होतंय, हे तो रोज बघत असणार.

मृत्युपत्र 1930 चं आणि त्यातून संस्था, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आपली एलआयटी, सुरू झाली 1942 साली. मध्ये एक तप गेलं. सरकारी आणि विद्यापीठीय कारभाराचा वेग बघता हे फार नाही म्हणा.

संस्था झाली ती मात्र मातीला धरून झाली. तेल तंत्रज्ञान, कारण विदर्भात जवस आणि सरकी. कागद आणि लगदा, कारण चंद्रपूरचा बांबू. 1945 मध्ये बल्लारपूरची पेपर मिल आलीच. पुढे रंग, प्लास्टिक, पेट्रोकेमिकल, खाद्यपदार्थ. मुंबईच्या यूडीसीटीनंतर (ती 1933 ची) देशात रासायनिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या ज्या मोजक्या जुन्या संस्था आहेत, त्यांत एलआयटीचं नाव घ्यावंच लागतं. आठ दशकं ती नागपूर विद्यापीठाच्या एका कोपऱ्यात नांदली आणि 2023 मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठ होता आलं.

पण तिची मुलं गेली कुठे? नागपुरातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय कॉलनीत विचारा. कुणाचा मुलगा वापीला, कुणाचा अंकलेश्वरला, कुणाची मुलगी तळोज्याला, कुणी जामनगरच्या रिफायनरीत. दिवाळीत विदर्भ एक्स्प्रेसमध्ये हे सगळे भेटतात. खाणीतल्या दगडाचंही तेच झालं. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला या खाणींतून शंभर वर्षांहून अधिक काळ मँगनीज निघतंय. आज ते काढणाऱ्या मॉईल कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण दगड बहुतांशी दगड म्हणूनच जातो, पोलादाच्या आणि फेरो-मँगनीजच्या भट्ट्यांकडे.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग नावाची मँगनीजची खाण आहे. तिथे 1991 पासून विद्युत-अपघटनाने मँगनीज डायऑक्साइड तयार करतात. दगड आम्लात विरघळवायचा, लोखंडासारखी भेसळ गाळून काढायची, द्रावणात वीज सोडायची, की पट्ट्यांवर काळा थर चढत जातो. तो खरवडून, धुऊन, दळून जी काळी पूड मिळते ती टॉर्चच्या सेलमध्ये जाते. कारखाना लहानसा, वर्षाला हजार-दीड हजार टनांचा. देशात अशी ठिकाणं विरळाच. आता विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागतं आणि जगातलं ते जवळजवळ सगळं चीनमध्ये शुद्ध होतं. दगड आपल्याकडे आहे, तो विरघळवून शुद्ध करण्याचा तीन दशकांचा हात आपल्याकडे आहे, आणि मँगनीजच्या पैशावर उभं राहिलेलं रसायनाचं विद्यापीठ आपल्याकडे आहे. डोंगरी बुजुर्गचा कारखाना तीस वर्षांत तेवढाच का राहिला, हा प्रश्न विदर्भाच्या औद्योगिक परिषदांत कितीदा विचारला गेला? मी तरी ऐकलेला नाही. तिथे रिफायनरीवर बोलतात.

रिफायनरीवाल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, हेही सांगतो. ते म्हणतात, रिफायनरीला समुद्रच हवा हे खोटं आहे. मथुरा, पानिपत कुठे समुद्रावर आहेत? मध्य प्रदेशातल्या बिनाला गुजरातच्या वाडिनारहून नऊशेहून अधिक किलोमीटर पाइपलाइनने कच्चं तेल येतं. मग नागपूरला का नाही? कोकणात बारसू-नाणारला लोकांना नको आहे, आम्हाला हवं आहे, इकडे द्या. हा युक्तिवाद भावनेलाही भिडतो, कारण विदर्भाचा अनुशेष हा इथल्या प्रत्येक घरातला विषय आहे.

पण बिनाचंच उदाहरण पुढे नेऊन बघा. तिथे 2023 च्या सप्टेंबरात पेट्रोकेमिकल संकुलाची पायाभरणी झाली, जवळपास 49 हजार कोटींच्या प्रकल्पाची. बिना म्हणजे नागपूरहून दिल्लीच्या गाडीत बसलं की भोपाळनंतर येणारं जंक्शन. एकाच रेल्वेमार्गावर असं संकुल उभं राहत असताना दुसरं मागण्यापेक्षा त्याचा माल घेऊन पुढचं काय करायचं, याचा विचार शहाणपणाचा नाही का? बुटीबोरीत नव्वदच्या दशकापासून पॉलिएस्टर बनतंच आहे, तेही बाहेरून आलेल्या कच्च्या मालावर. शिवाय अशा संकुलात गुंतवणूक डोंगराएवढी आणि नोकऱ्या मुठीएवढ्या असतात. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत ही आशियातली सर्वांत मोठी, असं आम्ही नागपूरकर पाहुण्यांना आवर्जून सांगतो. तिथले किती भूखंड रिकामे आहेत, हे पाहुण्याने विचारलं की विषय संत्र्यांवर नेतो.

माझं म्हणणं असं की विदर्भाला रसायन उद्योग बाहेरून आणायचा नाही. तो इथे आहे, चांगला मोठा आहे, फक्त आपण त्याला 'रसायन उद्योग' म्हणत नाही. तो स्फोटकांचा आहे.

हा इथे का वाढला, याचं उत्तर जमिनीखाली आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात. पलीकडे छिंदवाडा, थोडं पुढे छत्तीसगड. उघड्या खाणीत कोळशावरचा खडक फोडल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. मुंबईत कुणी पंख्याचं बटण दाबतो तेव्हा चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा जळत असतो, आणि तो मोकळा करायला कुणीतरी आदल्या आठवड्यात भोकं पाडून बार उडवलेला असतो. पूर्वी त्या भोकांत डायनामाइटच्या कांड्या भरत. आता इमल्शन भरतात. दुधात जसे स्निग्धाचे कण पाण्यात विखुरलेले असतात त्याच्या उलट, इथे नायट्रेटच्या दाट द्रावणाचे अतिसूक्ष्म थेंब तेलात विखुरलेले असतात. मोठ्या खाणींत तर ते टँकरमधून नेतात आणि भोकात पडेपर्यंत ते स्फोटक नसतंच. हे मिश्रण महिनोन् महिने न फाटता टिकवणं, उन्हाळ्यात 46 अंशांत आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या भोकात सारखंच वागेल असं बनवणं, हे अस्सल रसायनशास्त्र आहे. साबण, रंग आणि लोणी यांच्या विज्ञानाचं ते सख्खं भावंड. एलआयटीत तेल आणि रंग शिकलेल्या मुलाला ते परकं वाटायचं कारण नाही.

आणि या धंद्याचं सरकारही इथेच बसतं. 1898 मध्ये सुरू झालेलं स्फोटक खातं आज पेसो म्हणून ओळखलं जातं. त्याचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. पेट्रोल पंपापासून गॅसच्या बाटलीपर्यंत, फटाक्यांपासून खाणीतल्या कॅपपर्यंत सगळ्याच्या नियमांचा मालक नागपुरात. साठच्या दशकात, चीनच्या युद्धानंतर, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आणि चंद्रपूरकडे भद्रावतीला आयुध निर्माण्या आल्या. 1995 मध्ये सुरू झालेल्या सोलर या कंपनीने तर खाणीतल्या स्फोटकांपासून लष्करी दारूगोळ्यापर्यंत मजल मारली.

एकीकडे दीक्षाभूमी आणि दुसरीकडे हातगोळा, याची बोच मलाही आहे. ती इथे सोडवता येणार नाही, पण ती नाही असंही दाखवणार नाही.

आता विद्येचं बघू. 2021 मध्ये नागपूरच्या याच सोलरकडून लष्कराला जो नवा हातगोळा गेला, त्याचं तंत्र चंदीगडच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचं. उच्च-ऊर्जा स्फोटकांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा पुण्यात. सगळ्यात जास्त लागणारा कच्चा माल अमोनियम नायट्रेट. तो बनवणारा मोठा कारखाना तळोज्यात. आणि आता कोळशापासून वायू आणि त्यापासून अमोनियम नायट्रेट करायची योजना आली, कोल इंडिया आणि भेल यांनी 2024 मध्ये त्यासाठी कंपनी काढली, तीही ओडिशात. या सगळ्यांना आपापली कारणं आहेत, मान्य. पण कोळसा आमचा, गिऱ्हाईक आमचं, नियम आमच्या गावात लिहिले जाणार, आणि आमच्या वाट्याला काय? मिसळणं, भरणं आणि पॅकिंग.

पॅकिंग. हा शब्द या भागात आता साधा राहिलेला नाही.

17 डिसेंबर 2023, बाजारगाव: स्फोटात नऊ मृत्यू, त्यांत सहा बायका. 13 जून 2024, धामणा: पुन्हा पॅकिंग विभाग, मृतांत बहुतेक तरुण मुली. 24 जानेवारी 2025, जवाहरनगरची निर्माणी: आठ मृत्यू, छतही कोसळलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उमरेडच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमच्या पावडरीचा स्फोट. ॲल्युमिनियमच्या धुळीचं रसायन समजणारी माणसं वाडीच्या केंद्रात बसतात. उमरेड तिथून साठेक किलोमीटर असेल.

प्रत्येक वेळी क्रम ठरलेला असतो. गेटवर जमाव, पालकमंत्री, मदतीचा आकडा, चौकशी समिती, गुन्हा दाखल. मग पुढचा स्फोट. चौकशीत 'मानवी चूक' असं निघालं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण मेलेल्या माणसाची चूक सिद्ध करायला सोपी. असल्या शेडच्या दारावर पाटी असते: आत एका वेळी किती माणसं, किती किलो माल. त्या पाटीवरचा माणसांचा आकडा हा खरं तर त्या कारखान्याने आधीच मान्य केलेल्या मृत्यूंचा कमाल आकडा असतो. तो कमी करत शून्यावर आणायचा, म्हणजे हाताने होणारं शेवटचं काम यंत्राकडे द्यायचं, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. रसायन घर्षणाने, धक्क्याने, स्थिर विजेने कधी बिथरतं, जुनं झाल्यावर कसं बदलतं, वैशाखातल्या आणि पौषातल्या कोरड्या हवेत काय करतं, हे संशोधनाचे प्रश्न आहेत. ते पोलिसांच्या पंचनाम्यातून सुटणार नाहीत.

यावर उत्तर मिळतं ते असं: सुरक्षा हे कायद्याचं काम, कारखाना निरीक्षकाचं काम, त्यात विद्यापीठाने काय करायचं? तर असं आहे की नियम हे कुणाच्या तरी जुन्या संशोधनाचा साका असतो. कुठली शेड कुठल्या शेडपासून किती मीटर दूर, मध्ये मातीचा बांध किती उंच, हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत; कुणीतरी मुद्दाम स्फोट घडवून, मोजून काढलेले आहेत. माल बदलला की आकडे पुन्हा काढावे लागतात. ते काढणारी माणसं आपण तयार केली नाहीत तर नियम हे नुसतं पाठांतर उरतं.

आणि हे काम करण्याजोगं शहर देशात कुठलं असेल तर हेच. पेसो इथे, त्याचं चाचणी केंद्र गोंडखैरीला, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे, एलआयटी इथे, नीरी इथे, आणि दुर्दैवाने उदाहरणंही इथेच.

नीरीचं नाव घेतलं तर थोडं थांबतो, कारण हे शहर मनावर घेतलं तर काय करू शकतं याचा पुरावा तिथे आहे. 1958 ची ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था. 1974 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. सत्तरच्या दशकात तिच्यापुढे प्रश्न आला फ्लोराइडचा. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यात विहिरीचं पाणी पिऊन लोकांचे दात पिवळे पडत, हाडं वाकत. आपल्या चंद्रपूर-यवतमाळातल्या काही गावांचंही तेच दुखणं. नीरीने काढलेली पद्धत बघायला गेलात तर तुम्हाला तिथे यंत्र दिसणार नाही. एक बादली, तळापासून चार बोटं वर तोटी. पाण्यात चुना, तुरटी आणि थोडी ब्लीचिंग पावडर टाकायची, काही वेळ हळूहळू ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं. पांढरे कापसासारखे गोळे तळाशी बसतात, फ्लोराइड त्यांच्याबरोबर खाली जातं, वरच्या तोटीतून स्वच्छ पाणी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या आजीला हे शास्त्र अर्धं माहीतच होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे किती आणि का, ते प्रयोगशाळेने मोजून दिलं. जगभर ती 'नलगोंडा पद्धत' म्हणून ओळखली जाते. नागपूरचं नाव त्यात नाही, हे आमच्या स्वभावाला धरूनच झालं. तिच्यात उणिवा आहेत, तळाचा गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न राहतो, आणि महिनाभराने लोक ढवळायचा कंटाळा करतात. तरीही दारातला प्रश्न हातात घेतला की कामाचं शास्त्र निघतं, हे तिने दाखवलं. 2021 मध्ये करोनाच्या तपासणीसाठी नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरतील, हे नीरीनेच दाखवलं. तेही याच जातीचं काम.

स्फोटकांचं तसं होऊ शकतं. एलआयटी आता स्वतंत्र विद्यापीठ आहे. अभ्यासक्रम बदलायला तिला कुणाची परवानगी मागत फिरायला नको. घातक रसायनांची हाताळणी हा तिथला मुख्य विषय व्हावा. पेसोच्या अधिकाऱ्यांनी तिथे शिकवावं, चाचणी केंद्र मुलांना उघडावं, अपघातांचे चौकशी अहवाल नावं झाकून का होईना वर्गात वाचले जावेत. खर्चाचा वाटा कारखान्यांनी उचलावा. त्यांच्या ताळेबंदांकडे बघता त्यांना तो जड जाणार नाही, आणि मृतांच्या वारसांना चेक देण्यापेक्षा तो स्वस्तच पडेल. गोपनीयतेची सबब पुढे येईल. ती लष्करी मालापुरती खरी. खाणीतल्या मालाला आणि पॅकिंगच्या टेबलाला कसली गोपनीयता? असं शिकलेला मुलगा अंकलेश्वरला गेला तरी हरकत नाही. तिथेही शेड आहेत, तिथेही पाट्या आहेत. त्या वेळी निदान नागपूर काहीतरी पाठवत असेल, नुसता दगड नाही.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका कारखान्यात गेलो होतो. गेटवर माचिस, मोबाइल, किल्ल्या काढून घेतल्या. खिळे नसलेले बूट दिले. शेडच्या दाराशी भिंतीत एक पितळी पट्टी बसवलेली होती, जमिनीत खोल गाडलेल्या तारेला जोडलेली. अंगावरची स्थिर वीज तिच्यातून उतरून जावी म्हणून आत शिरणाऱ्याने आधी तिला तळहात लावायचा. सकाळची पाळी सुरू होत होती. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली रांगेने आल्या, एकेकीने पट्टीला हात लावला. त्यातल्या एकीने हात लावून तो कपाळाला नेला, देवळाच्या पायरीला लावून नेतात तसा. मी विचारलं, हे कशासाठी?

"आत जायच्या आधी पाया पडतो जी," ती म्हणाली. "सगळ्याच करतात."

सोबतच्या सुपरवायझरला विचारलं, यांना सांगितलंय का ही पट्टी कशाची? तो हसला. "सर, हात लावतात ना? मग झालं तर."

डिसेंबर होता, ओठ फुटतील अशी कोरडी थंडी. मुलगी आत गेली, ॲप्रनची गाठ सोडली, खालचं नायलॉनचं स्वेटर डोक्यावरून ओढून काढलं, खुंटीला अडकवलं, आणि टेबलाशी जाऊन बसली.